पडद्यावरची म्हातारी आणि आपल्या घरातली आई



गेल्या आषाढी पौर्णिमेची गोष्ट. वर्षावास सुरू होणार म्हणून आमच्या वस्तीतल्या विहारात सकाळपासून लगबग होती. शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या आजी पांढरीशुभ्र साडी नेसून, हातात फुले आणि मेणबत्तीचा पुडा घेऊन घराबाहेर पडल्या. त्यांची पाच-सहा वर्षांची नात दारातच रडायला लागली. का, तर म्हणे, "आजी, आजोबा मेले का?" आजोबा तिथेच ओट्यावर बसून चपला घालीत होते! सगळे हसले, आजोबाही हसले. पोरीला कडेवर घेऊन वंदनेला नेले.

मला मात्र वंदना संपेपर्यंत तो प्रश्न सुटला नाही. पोरीला हे शिकविले कोणी? आईने नाही, आजीने तर नाहीच. रोज संध्याकाळी आपल्या घरात जो टीव्ही लागतो त्याने शिकविले. पडद्यावर वयस्कर बाई पांढऱ्या साडीत आली की समजून घ्यावे, हिचा नवरा गेला, हिचे सुख संपले, आता हिने कोपऱ्यात बसून मुलाची वाट बघायची. आपल्याकडे या साडीचा अर्थ काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी पांढरी वस्त्रे नेसली, ती दुःख म्हणून नव्हे. जुने ओझे टाकून त्या नव्या वाटेला लागल्या होत्या. साडी एकच, पण पडद्याने तिला एक अर्थ दिला आणि बाबासाहेबांनी दुसरा. म्हणून आज सिनेमा-मालिकांतल्या म्हाताऱ्या बाईविषयी बोलू. विषय करमणुकीचा वाटेल, पण तो आपल्या घरापर्यंत येतो.

मुलाच्या वयाची आई

मी वाणिज्य शाखेची, कारकुनी करणारी बाई. म्हणून आधी हिशेब मांडते. 'मदर इंडिया' हा गाजलेला चित्रपट १९५७ चा. त्यात म्हातारी राधा झालेल्या नर्गिस तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा बिरजू झालेले सुनील दत्त जवळजवळ त्याच वयाचे. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, या मायलेकांनी प्रत्यक्षात लग्न केले. १९७५ च्या 'दीवार'मध्ये अमिताभ बच्चन यांची आई झालेल्या निरुपा रॉय त्यांच्यापेक्षा अवघ्या अकरा वर्षांनी मोठ्या. राखी यांची गोष्ट तर आणखी नवलाची. १९८१ साली 'बरसात की एक रात'मध्ये त्या अमिताभ यांच्या नायिका, आणि १९८२ साली 'शक्ति'मध्ये त्यांच्याच आई. खऱ्या वयाने त्या अमिताभ यांच्याहून पाच वर्षांनी लहान! १९९९ च्या 'वास्तव'मध्ये रीमा लागू संजय दत्त यांची आई होत्या. दोघांच्या वयात फरक एका वर्षाचा.

या हिशेबाचा अर्थ सरळ आहे. पुरुष नट पन्नाशी गाठली तरी नायक राहतो. बाई पस्तिशी-चाळिशीला आली की तिच्या केसांना पांढरा रंग लावून तिला आई करतात. त्यामुळे खरीखुरी साठ-सत्तर वर्षांची बाई, तिचे चालणे-बोलणे, तिचा राग, तिची थट्टा-मस्करी पडद्यावर फारशी आलीच नाही. आली ती कोणाची तरी आई म्हणून. तिचे स्वतःचे नाव प्रेक्षकांच्या लक्षात राहावे अशी गोष्ट तिच्या वाट्याला क्वचितच आली.

तरी जुन्या सिनेमाला एक श्रेय दिलेच पाहिजे. तेव्हाची आई राबणारी होती. 'मदर इंडिया'तली राधा नांगर ओढते. 'दीवार'मधली आई इमारतीच्या कामावर विटा वाहते आणि मुलांना घेऊन पुलाखाली राहते. १९५५ च्या 'श्री ४२०'मध्ये ललिता पवार यांची गंगामाई फुटपाथवर केळी विकते. आपल्या नाक्यावरच्या, भाजीच्या पाटीमागच्या बायांना ही माणसे ओळखीची वाटली. कारण पडद्यावरच्या त्या बाईच्या हातालाही घट्टे होते.

मंथरा आणि मीरा आत्या

म्हाताऱ्या बाईचे दुसरे रूप म्हणजे खाष्ट सासू. या भूमिकांत ललिता पवार यांच्याइतके नाव दुसऱ्या कोणाचे झाले नाही. तरुणपणी त्या नायिका होत्या. १९४२ च्या सुमारास एका चित्रीकरणात जोराची थप्पड बसली, चेहऱ्याला इजा झाली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. मग तोच अधू डोळा कपटीपणाची खूण म्हणून वापरला गेला. 'अनाडी' (१९५९) मध्ये त्यांनी मायाळू मिसेस डिसा किती सुंदर उभी केली, तरी लोकांच्या लक्षात राहिली ती सुनेला छळणारी सासूच. अंगात व्यंग, वय झालेले, आणि बाईमाणूस. तिन्ही एकत्र आले की ती दुष्ट असणार, हा पडद्याचा जुना नियम.

१९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्यात मंथरा झाल्या त्या ललिता पवारच. पाठीला कुबड असलेली म्हातारी दासी. सगळ्या घराचा नाश तिने केला म्हणे! मी तेव्हा शाळेत जायचे वय झालेली पोर. आमच्या गल्लीत पाठीत वाकलेल्या एक आजी राहत. पोरे त्यांच्या मागे "मंथरा, मंथरा" असे ओरडत पळत. मीही ओरडले आहे. आज लिहिताना लाज वाटते.

पुढे बाबासाहेबांचे चरित्र वाचनात आले, तेव्हा कळले की १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेल्यावर पाच वर्षांच्या भिवाला ज्यांनी आईची माया दिली, त्या मीरा आत्यांच्या पाठीलाही कुबड होते. त्या घरात या आत्याला मान होता. पोराचा हट्ट पुरविणारी, त्याला पोटाशी धरणारी ती बाई. २०१९ साली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली, तेव्हा त्यात मीरा आत्या घराघरांत दिसल्या. आमच्या विहारातल्या बायका त्या भागांबद्दल दुसऱ्या दिवशी नळावर बोलत. वाकलेल्या पाठीची बाई एका मालिकेत घर मोडणारी, दुसऱ्या मालिकेत घर सांभाळणारी. हा फरक आपोआप पडत नाही. गोष्ट कोणाची आहे आणि ती सांगतो कोण, यावर तो ठरतो.

विटा गेल्या, दागिने आले

१९९० नंतर सिनेमातली आई मोठ्या बंगल्यात राहायला गेली. तिच्या हातातल्या विटा गेल्या, पूजेचे ताट आले. २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि २००८ पर्यंत चालली. मराठीत २००१ ते २०१३ 'चार दिवस सासूचे' चालली, त्यात रोहिणी हट्टंगडी होत्या. खरे बोलायचे तर या मालिकांनी एक गोष्ट चांगली केली. वयस्कर बाई कोपऱ्यातून उठून दिवाणखान्याच्या मध्यभागी बसली. घराच्या किल्ल्या तिच्याकडे, शेवटचा शब्द तिचा. पण त्या घरात कोणी घाम गाळीत नाही. भरजरी साड्या नेसूनच स्वयंपाक होतो आणि दिवसभर कारस्थाने चालतात. असल्या मालिकेत आपली बाई दिसली, तर ती हातात फडके घेऊन फरशी पुसतानाच दिसली. तिला घर नाही, नातवंडे नाहीत.

आणि दिवसभर सहा घरची फरशी पुसून आलेली आपली मावशी रात्री बसून ती मालिका बघते, मालकिणीच्या दुःखाने रडते. मी तिला दोष देत नाही. थकलेल्या माणसाला विसावा हवा असतो. पण तिच्या दुःखाने रडणारे पडद्यासमोर कोणी नाही, हेही तितकेच खरे.

बदल झाला आहे

गेल्या सात-आठ वर्षांत मात्र चित्र बदलले आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. २०१७ साली नीना गुप्ता यांनी समाजमाध्यमावर उघडपणे लिहिले की मी चांगली अभिनेत्री आहे, मुंबईत राहते, मला काम हवे आहे. काम मागायची लाज वाटली नाही. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. लग्नाच्या वयाचा मुलगा असलेली आई गरोदर राहते, ही त्याची गोष्ट. त्यातल्या आजीच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९ ते २०२१) मध्ये निवेदिता सराफ यांची विधवा आसावरी दुसरे लग्न करते आणि तिच्या पाठीशी उभी राहते ती तिची सून. 'आई कुठे काय करते' (२०१९ ते २०२४) मधली अरुंधती मुले मोठी झाल्यावर घटस्फोट घेऊन पायांवर उभी राहते. २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ला बायकांच्या टोळ्याच्या टोळ्या नटूनथटून थिएटरात गेल्या. सहा बहिणी, सगळ्यांचे वय सरत आलेले, आणि गोष्ट त्यांचीच.

आमच्या महिला मंडळातल्याही दहा-बारा जणी गेल्या होत्या. खूप हसल्या, थोड्या रडल्या. येताना एक जण म्हणाली, "ताई, सिनेमा झकास. पण आपण कधी मंगळागौर खेळलोय का?" तिचे बरोबर होते. बाई मोकळी झाली, पण ती अजून ठरावीक घरांतली, ठरावीक सणावारांतली बाई आहे. शिवाय जुनी खोडही गेलेली नाही. उत्तर प्रदेशातल्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या साठीनंतर बंदूक चालवायला शिकलेल्या दोन बायकांवर २०१९ साली 'सांड की आँख' निघाला. त्यांच्या भूमिका दिल्या मात्र तरुण नट्यांना!

टाळ्या कोणासाठी?

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. नावगाव सांगत नाही.

आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. इस्पितळात आया म्हणून नोकरी केली. नवरा ऐन तारुण्यात वारला. दोन्ही मुलांना शिकविले, नोकरीला लावले, लग्ने केली. चौपन्नाव्या वर्षी त्यांनी घरात सांगितले की कामावर ओळख झालेल्या एका विधुर गृहस्थांशी लग्न करायचे आहे. आपल्याच समाजातले, निर्व्यसनी गृहस्थ. घरात आकांत झाला. मुले म्हणाली, "लोकांना तोंड कसं दाखवायचं?" सुना म्हणाल्या, "नातवंडांना काय सांगायचं?" मुलगे माझ्याकडे आले, "ताई, तुम्ही कार्यकर्त्या आहात. आईला जरा समजवा."

आणि वाचकहो, मी समजवायला गेले. मुलांची बाजू घेऊन गेले. मावशींनी चहा टाकला. माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बाय, मागं टीव्हीतल्या त्या सासूबाईचं लगीन लागलं तेव्हा तू माझ्याच घरात बसून टाळ्या वाजवल्यास. माझी सूनपण डोळे पुसत होती. ती टीव्हीतली, तिला सगळं चालतं. मी कोण तुमची?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कप खाली ठेवला आणि उठले. त्या रात्री झोप लागली नाही. विधवेला वारसा मिळावा, बाईला घटस्फोटाचा अधिकार मिळावा, म्हणून ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी रक्ताचे पाणी केले आणि जे मंजूर होत नाही म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्या बिलावर मी दरवर्षी भाषण करते. आणि एका विधवेच्या दारात जाऊन मी तिला गप्प बसायला सांगत होते!

दुसऱ्या दिवशी मुलांना बोलावले. बोलता बोलता खरी भीती बाहेर आली. वडिलांच्या नावावरची खोली हातची जाईल की काय, ही ती भीती. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो, आणि एकदा मिळालेला वाटा तिने नंतर लग्न केले म्हणून जात नाही. मुलांना सांगितले की खोलीत तिचा हक्क आहेच, लग्न केले तरी आहे आणि नाही केले तरी आहे. तुम्ही तिला अडवून तो हक्क पुसू शकत नाही. मोठा मुलगा तडक उठून गेला. धाकटा बसून राहिला.

२०२२ साली विहारात लग्न लागले. त्रिशरण-पंचशील झाले, वीस-पंचवीस माणसे, भाताचे जेवण. रीतसर नोंदणीही केली. धाकटा मुलगा आणि त्याची बायको उभी राहिली. मोठा आजही बोलत नाही. मावशी सणाला त्याच्या घरी डबा पाठवतात, तो परत येतो. मालिकेत शेवटी सगळे एकत्र येऊन फोटो काढतात, तसे इथे अजून झालेले नाही.

राबणारी बाई परत आली

२०२४ साली मात्र पडद्यावर अशी वयस्कर बाई दिसली की मला मावशी आठवल्या. 'लापता लेडीज'मध्ये छाया कदम यांनी रेल्वे फलाटावर चहा-नाश्त्याची टपरी चालवणारी मंजू माई उभी केली. जिच्या कमाईवर जगून तिलाच मारणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला तिने घराबाहेर काढले आहे. एकटी राहते, कोणासाठी रडत नाही. हरवलेल्या नव्या नवरीला कामाला लावते आणि कामाचे पैसे तिच्या हातावर ठेवते. त्याच वर्षी कान महोत्सवात मोठा पुरस्कार मिळालेल्या पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मध्ये त्याच छाया कदम इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती झाल्या. नवरा गिरणी कामगार, तो वारला. ज्या घरात आयुष्य गेले ते बिल्डरला हवे, आणि आपले घर असल्याचा एकही कागद तिच्याजवळ नाही. गिरणगावातल्या किती घरांची ही गोष्ट आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. शेवटी ती कोकणात गावी परतते, पण जाण्याआधी टॉवरच्या जाहिरातफलकावर दगड भिरकावते!

'दीवार'मधल्या आईच्या हातून निसटलेले काम जवळजवळ पन्नास वर्षांनी पडद्यावरच्या बाईच्या हातात परत आले. फरक एवढाच की ही बाई कोणाची आई म्हणून थोर नाही. ती आपल्या कष्टाने उभी आहे.

आपली गोष्ट आपल्याजवळ आहे

आपण मात्र सिनेमावाल्यांची वाट पाहत बसू नये. शांताबाई कांबळे सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. त्यावरून १९९० साली मुंबई दूरदर्शनवर 'नाजुका' मालिका आली. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या, त्यातून 'जिणं आमुचं' झाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलते केले, म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. त्यांनी तेव्हा जे केले ते आज आपल्या प्रत्येकाला करता येईल. घरात मोबाईल आहे. रविवारी टीव्ही तासभर बंद ठेवा आणि आजीसमोर बसा. नामांतराच्या मोर्चात कोण कोण होते, पहिली वंदना कोणी शिकविली, कामावर साहेब कसे बोलत, आजोबांशी भांडण कशावरून होई, सगळे विचारा आणि भरून ठेवा. नातवाला प्रश्न विचारू द्या.

दुसरे काम कागदाचे. आई-आजीच्या नावाची कागदपत्रे बघा. वीजबिल, भाडेपावती, बँकेतले वारसाचे नाव, पेन्शनचा कागद. पार्वतीसारखी वेळ आपल्या घरातल्या बाईवर येऊ नये. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तिला न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. पडद्यावरची आई अशा वेळी रडत बसते, आपल्या आईने अर्ज करावा. अर्ज लिहून द्यायला माझ्यासारखे कारकून आहेतच.

तिसरे काम अवघड आहे. तिला काही हवे असेल, शिकायचे असेल, एकटे राहायचे असेल, लग्न करायचे असेल, तर टीव्हीतल्या बाईला जेवढे माप देता तेवढे तरी तिला द्या.

त्या छोट्या नातीचे मात्र छान झाले. वंदनेनंतर आजीने तिला आपल्या पदराचा कोपरा धरायला दिला आणि सांगितले, "ही साडी तुझ्या आजोबांची नाय, माझ्या बाबासाहेबांची हाय." पुढच्या पौर्णिमेला पोरीने आईजवळ हट्ट धरून पांढरा फ्रॉक घातला. आजोबा सगळ्यांत पुढे चालत होते.

जयभीम! नमो बुद्धाय!